टीव्ही कुठलाही चालतो, मग सेट टॉप बॉक्स का चालत नाही? अंधेरी ते मुलुंड रंगलेल्या स्पर्धेचं बिल गावात कसं येतं, वाचा सविस्तर

मुंबई उपनगर : गावात कुणी डीटीएचची कंपनी बदलायची ठरवली की काय होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. नव्या कंपनीचा माणूस नवा बॉक्स घेऊन येतो, बऱ्याचदा नवी डिशही आणतो. जुनी डिश पत्र्यावर गंजत राहते, जुना बॉक्स कपाटावर जातो. बॉक्स चांगला असतो, चालू असतो, पैसेही पूर्ण दिलेले असतात. पण कंपनी बदलली की तो रद्दीत.

मोबाइलचं असं नाही. हँडसेट एका कंपनीचा, सिम दुसऱ्या कंपनीचं. रेंज येईना तर सिम बदला, फोन तोच राहतो. जानेवारी २०११ पासून देशभर नंबरसुद्धा तोच ठेवून कंपनी बदलता येते. टीव्हीच्या संचाचंही तसंच. कुठल्याही कंपनीचा टीव्ही आणा, कुठलाही बॉक्स जोडा, चित्र दिसतं. अडतं ते फक्त मधल्या बॉक्सपाशी.

हे असं का? याचं उत्तर शोधायला मुंबईच्या उपनगरांत जावं लागतं. केबल आणि डीटीएच कंपन्यांची पहिली मोठी चढाओढ तिथेच झाली आणि तिथे जे ठरलं तेच पुढे पाच वर्षांनी तालुक्याच्या गावांत आलं.

गल्ली कुणाची, गिऱ्हाईक त्याचं

केबल टीव्हीची सुरुवात अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडसारख्या भागांत १९८०च्या दशकात झाली. एखादा माणूस घरात व्हिडिओ कॅसेट लावायचा आणि आजूबाजूच्या इमारतींत वायर ओढून सिनेमा दाखवायचा. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी परदेशी वाहिन्यांची ओढ लागली. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला. मग गच्चीवर मोठ्या छत्र्या उभ्या राहिल्या.

धंदा वाढला तशा मोठ्या कंपन्या उतरल्या. १९९४-९५ च्या सुमारास सिटी केबल, हॅथवे आणि हिंदुजा समूहाची इनकेबल या कंपन्या आल्या. इनकेबलचं कार्यालय अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत होतं. या कंपन्या एका ठिकाणी सगळ्या वाहिन्या उतरवून घ्यायच्या आणि जाड केबलनं गल्लीतल्या केबलवाल्यापर्यंत पोहोचवायच्या. घरात वायर टाकणं, महिन्याचे पैसे गोळा करणं हे काम केबलवाल्याचं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मोठ्या कंपन्यांची स्पर्धा होती ती केबलवाला आपल्याकडे ओढण्यासाठी. घरातल्या गिऱ्हाइकाला कंपनी निवडायला कुणी विचारलं नाही. ज्या गल्लीत ज्याची वायर, ती गल्ली त्याची. केबलवाल्यानं कंपनी बदलली की अख्ख्या गल्लीची कंपनी बदलायची. म्हणजे बाजारात स्पर्धा जोरात, पण दाराशी पर्याय एकच.

घरं जास्त, हिशेबात कमी

त्या काळी सिग्नल साधा, म्हणजे ॲनालॉग होता. वायर टीव्हीला जोडली की सगळ्या वाहिन्या दिसायच्या. कोणत्या घरात काय बघितलं जातं हे वर कुणालाच कळत नव्हतं.

समजा, केबलवाल्याकडे हजार घरं आहेत. त्यानं वर कळवलं की दोनशेच आहेत. कंपनीनं पुढे वाहिन्यांना आणखी कमी आकडा सांगितला. गिऱ्हाईक हजार घरांतून पैसे देतं, पण वाहिनीला आणि सरकारला हिशेब मिळतो थोड्याच घरांचा. वाहिन्यांचे मालक, केबल कंपन्या आणि केबलवाले यांच्यात यावरून वर्षानुवर्षं वाद चालले. वाद वाढला की एखादी वाहिनी अचानक बंद व्हायची आणि भोगायचं गिऱ्हाइकानं.

यावर तोडगा म्हणून सेट टॉप बॉक्स आला. प्रत्येक घरात एक बॉक्स, प्रत्येक बॉक्सला एक नंबर. वरच्या संगणकात सगळी नोंद. ज्यानं पैसे भरले त्याचा बॉक्स चालू, नाही भरले त्याचा बंद. बॉक्सचा पहिला उपयोग चित्र स्वच्छ दिसण्यापेक्षा हिशेब स्वच्छ ठेवण्याचा होता, असं म्हटलं तरी चालेल.

३१ ऑक्टोबर २०१२ ची मध्यरात्र

असा एक प्रयत्न २००६ च्या अखेरीस झाला. तेव्हा दिल्ली, कोलकाता आणि मुंबईचा फक्त काही भाग घेतला होता. मुंबईत तो दक्षिण मुंबईपुरताच राहिला. उपनगरं बाहेरच राहिली आणि तिथे जुनाच कारभार चालू राहिला.

२०११ मध्ये संसदेनं १९९५ च्या केबल कायद्यात दुरुस्ती केली आणि देशभर डिजिटल केबल सक्तीची झाली. चार टप्पे ठरले. पहिला टप्पा मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. त्याची मुदत आधी ३० जून २०१२ होती, बॉक्स पुरेसे बसले नाहीत म्हणून ती ३१ ऑक्टोबर २०१२ झाली. त्या मध्यरात्री मुंबईत ॲनालॉग सिग्नल बंद करायचा होता. या वेळी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर सगळंच आलं.

दुसऱ्या टप्प्यात ३१ मार्च २०१३ पर्यंत देशातली ३८ शहरं होती. आपल्या राज्यातून पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, नाशिक, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, सोलापूर आणि तेव्हाचं औरंगाबाद ही नऊ शहरं त्यात होती. तिसऱ्या टप्प्यात उरलेली सगळी शहरं आणि नगरपालिकांची गावं. चौथ्या आणि शेवटच्या टप्प्यात खेडी. त्याची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ वर आली.

म्हणजे खेड्यांत बॉक्स सक्तीचा झाला तेव्हा मुंबईत तो साडेचार वर्षं जुना झाला होता. बॉक्स कसा असावा, कुणाचा असावा, बदलता यावा की नाही, हे सगळं आधीच ठरून गेलं होतं.

तारेवरून आकाशात

केबलची ही ओढाताण चालू असतानाच डीटीएच आलं. गल्लीतल्या केबलवाल्याची गरजच नाही, घरावर डिश लावा आणि थेट उपग्रहावरून बघा. डिश टीव्ही २००३ ला आला. दूरदर्शनची मोफत सेवा डिसेंबर २००४ ला सुरू झाली. टाटा स्काय ऑगस्ट २००६ ला आलं, तेच आता टाटा प्ले. त्यानंतर सन डायरेक्ट, २००८ मध्ये रिलायन्सचं बिग टीव्ही आणि एअरटेल, २००९ मध्ये व्हिडिओकॉन डीटूएच. डीटूएचचा कारभार जोगेश्वरी पश्चिमेच्या ओशिवऱ्यातून चालायचा, म्हणजे अंधेरीला लागूनच.

सहा खासगी कंपन्या एकाच वेळी गिऱ्हाइकाच्या मागे लागल्या. बॉक्सवर सूट, पहिले काही महिने फुकट, बसवायचे पैसे माफ. मुंबईत ज्या घरात वर्षानुवर्षं एकच केबलवाला होता, त्या घराला पहिल्यांदा पर्याय मिळाला. खेड्यांत तर फायदा आणखी मोठा. जिथे केबलची तार कधीच पोहोचली नसती, त्या वाड्या-वस्त्यांवर, मळ्यातल्या घरांवरही डिश बसली.

पण ही सूट फुकटची नव्हती. कंपनी बॉक्स तोट्यात द्यायची आणि पुढच्या दोन-तीन वर्षांच्या रिचार्जमधून तो तोटा भरून काढायची. गिऱ्हाईक सहा महिन्यांत दुसरीकडे गेलं तर कंपनीचे पैसे बुडाले. म्हणून गिऱ्हाईक सहज जाऊ नये, याची सोय बॉक्समध्येच झाली.

बॉक्सच्या आतलं कुलूप

वाहिनीचा सिग्नल उपग्रहावर जाण्याआधी त्याला कुलूप लावलं जातं. आकाशातून सिग्नल सगळ्यांच्या छपरावर पडतो, पण कुलूपबंद. ते उघडायची किल्ली बॉक्समध्ये असते. काही बॉक्समध्ये ती कार्डच्या रूपात असते, काहींमध्ये आतल्या चिपमध्येच. रिचार्ज केला की कंपनी उपग्रहामार्फत त्या नंबरच्या बॉक्सला हुकूम पाठवते, ‘कुलूप उघड’. म्हणून रिचार्जनंतर बॉक्स थोडा वेळ चालू ठेवायला सांगतात.

ही कुलपं बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्याच आहेत, आणि त्यांचीही आपसांत स्पर्धा आहे. टाटा स्कायनं एनडीएस कंपनीचं कुलूप घेतलं, डिश टीव्हीनं कोनॅक्सचं, डीटूएचनं इर्देतोचं. सगळ्या परदेशी कंपन्या. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही. टाटाचा बॉक्स डिश टीव्हीच्या सिग्नलपुढे मुका होतो तो यामुळे.

दुसरं कारण उपग्रहाचं. प्रत्येक कंपनीचा उपग्रह आकाशात वेगळ्या जागी आहे. टाटा प्लेचा ८३ अंश पूर्वेला, डीटूएचचा ८८ वर, दूरदर्शन फ्री डिशचा ९३.५ वर, डिश टीव्हीचा ९५ वर, एअरटेलचा १०८ च्या जवळ. महाराष्ट्रातून पाहिलं तर सगळ्या डिशची तोंडं दक्षिण आणि पूर्व यांच्या मध्ये असतात, पण टाटाची दक्षिणेकडे जास्त झुकलेली आणि एअरटेलची पूर्वेकडे. कंपनी बदलली की डिश फिरवावी लागते. बऱ्याचदा जुनीच डिश आणि वायर चालू शकते, फक्त दिशा नीट धरावी लागते.

तिसरं कारण केबलचं. केबलचा बॉक्स तारेतून येणारा सिग्नल वाचतो, डिशचा बॉक्स आकाशातून येणारा. दोन्हीची आतली रचना वेगळी. त्यामुळे केबलचा बॉक्स डिशला जोडून काही उपयोग नाही.

नियम आहे, पण चालत नाही

आता खरी गंमत. बॉक्स एकमेकांना चालले पाहिजेत, हे सरकारला सुचलं नव्हतं असं नाही. केंद्र सरकारनं मार्च २००१ मध्ये डीटीएचची मार्गदर्शक तत्त्वं काढली. परवान्याच्या अटींमध्येच लिहिलं की बॉक्स खुल्या रचनेचा असावा आणि एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालावा.

कंपन्यांनी बॉक्समध्ये एक खाच ठेवली. त्या खाचेत दुसऱ्या कंपनीचं कुलूप उघडणारं छोटं यंत्र बसवायचं, म्हणजे झालं. कागदावर अट पूर्ण. पण ते छोटं यंत्र बाजारात सहज मिळत नव्हतं, आणि मिळालं तरी त्याची किंमत नव्या बॉक्सएवढी किंवा त्याहून जास्त. एवढे पैसे घालून जुना बॉक्स कोण वाचवणार? गिऱ्हाइकानं नवा बॉक्सच घेतला.

हा विषय भारतीय स्पर्धा आयोगापर्यंतही गेला. कन्झ्युमर ऑनलाइन फाउंडेशन या ग्राहक संघटनेनं २००९ मध्ये टाटा स्काय, डिश टीव्ही, रिलायन्स बिग टीव्ही आणि सन डायरेक्ट यांच्याविरुद्ध तक्रार केली. बॉक्स एकमेकांना चालत नसल्यानं ग्राहक अडकतो आणि स्पर्धा मारली जाते, असं म्हणणं होतं. मार्च २०११ मध्ये आयोगानं बहुमतानं निकाल दिला की स्पर्धा कायद्याचा भंग झालेला नाही. कंपन्या सुटल्या.

पुढे एप्रिल २०२० मध्ये दूरसंचार नियामक, म्हणजे ट्रायनं सरकारला शिफारस केली. देशात विकला जाणारा प्रत्येक बॉक्स अदलाबदल करता येण्याजोगा असावा. डीटीएचचा बॉक्स कुठल्याही डीटीएचला चालावा, केबलचा कुठल्याही केबलला. टीव्ही संचातही तशी जोडणीची जागा असावी. शिफारस चांगली होती, पण शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. गावातल्या दुकानात आजही बॉक्स कंपनीच्या नावानंच विकला जातो.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. त्या म्हणतात, बॉक्स आम्ही तोट्यात देतो, तो घेऊन गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तर आम्ही काय करायचं? कुलपं सारखी केली तर चोरी वाढेल. शिवाय कुणाचे बॉक्स जुन्या तंत्राचे, कुणाचे नव्या, सगळ्यांना एकाच मापात बसवलं तर बॉक्स महागतील. यातल्या पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. पण ज्यानं बॉक्स पूर्ण पैसे देऊन घेतला, त्याला हा मुद्दा लागू होत नाही. त्याचा बॉक्स त्याच्या मालकीचा, तरी किल्ली कंपनीच्या हातात.

टीव्हीच्या बाजारात उलटं चित्र

कुलूप नसलं की स्पर्धा काय करते, हे टीव्ही संचाच्या बाजारात दिसतं. एकेकाळी महाराष्ट्राची दोन नावं घराघरांत होती. ओनिडा आणि व्हिडिओकॉन. ओनिडाची कंपनी, मिर्क इलेक्ट्रॉनिक्स, १९८१ ला सुरू झाली. तिचं मुख्यालय अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत आणि कारखाना पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात. जाहिरातीतला शिंगं-शेपटीवाला सैतान जुन्या मंडळींना आठवत असेल. व्हिडिओकॉनचा कारखाना पैठण तालुक्यातल्या चितेगावला.

१९९०च्या दशकात सॅमसंग आणि एलजी या कोरियन कंपन्या आल्या. एलजीनं पुढे शिरूर तालुक्यात रांजणगावला कारखानाही काढला. त्यानंतर शाओमीसारख्या चिनी कंपन्या आल्या. मोठ्या काचेच्या नळीचा टीव्ही जाऊन पातळ टीव्ही आला, तो पुढे स्मार्ट झाला. या शर्यतीत जुनी नावं मागे पडली. जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. चितेगाव परिसरातल्या कामगारांना त्याची झळ बसली.

पण गिऱ्हाइकाच्या बाजूनं पाहिलं तर पडदा मोठा झाला आणि आकाराच्या मानानं भाव उतरला. ओनिडाचा टीव्ही काढून दुसरा आणायला कुणाची परवानगी लागली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटीही २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला.

बॉक्सच्या धंद्यात मात्र कंपन्या कमी होत गेल्या. रिलायन्सचं बिग टीव्ही चालवणाऱ्या अनिल अंबानी समूहानं २०१७ मध्ये या धंद्यातून अंग काढलं. २०१८ मध्ये डीटूएच डिश टीव्हीत विलीन झालं. त्याच वर्षी मुकेश अंबानींच्या रिलायन्सनं हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत मोठा हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. २०२५ मध्ये एअरटेल आणि टाटा प्ले एकत्र येण्याची बोलणी झाली, ती मे महिन्यात फिसकटली. सहाच्या जागी आता पैसे घेऊन सेवा देणाऱ्या डीटीएच कंपन्या चारच उरल्यात.

बिनकुलपाचा बॉक्स : फ्री डिश

एक बॉक्स मात्र या सगळ्यातून वेगळा निघाला. दूरदर्शनची फ्री डिश. १६ डिसेंबर २००४ ला ३३ वाहिन्यांनी ती सुरू झाली. तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. एकदाच डिश आणि बॉक्स घ्यायचा.

बहुतेक वाहिन्यांना कुलूप नाही, म्हणून हा बॉक्स कुणीही बनवू शकतो. त्यामुळे बाजारात कितीतरी नावांचे बॉक्स आले आणि भाव खाली राहिला. दुकानदाराशी घासाघीस करता येते ती याच बॉक्सवर.

पण फुकट म्हणजे सगळं मिळेल असं नाही. खासगी वाहिन्या लिलावात पैसे भरून इथे जागा घेतात. त्यांना परवडलं नाही की त्या निघून जातात. मार्च २०१९ मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते अशाच गेल्या. २०२० मध्ये परत आल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. त्यामुळे आज दिसणारी वाहिनी पुढच्या एप्रिलमध्ये दिसेलच याची खात्री नाही. क्रिकेट आणि नव्या मालिकांची हौस असेल तर फ्री डिश कमी पडते. बातम्या, सह्याद्री, जुने सिनेमे एवढ्यावर भागत असेल तर वर्षाचे दोन-अडीच हजार वाचतात.

जुलै २०२४ मध्ये ट्रायनं आणखी एक नियम केला. जी वाहिनी फ्री डिशवर फुकट दिसते, ती तिच्या मालकानं केबल आणि खासगी डीटीएचवरही मोफत म्हणून जाहीर करायला हवी. आपल्या पॅकमध्ये अशा वाहिनीचे वेगळे पैसे लागत असतील तर विचारायचा हक्क आहे.

बिलातले तीन कप्पे

१ फेब्रुवारी २०१९ पासून टीव्हीच्या बिलाची पद्धत बदलली. तरी अजून बऱ्याच जणांना फक्त एकूण रक्कम माहीत असते. बिलात तीन गोष्टी असतात.

पहिली, नेटवर्क शुल्क. वाहिन्या घरापर्यंत आणून देण्याचं हे भाडं. २०१९ ला १०० वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये ठरलं, २०२० च्या बदलानंतर तेवढ्यातच २०० वाहिन्या द्यायचं ठरलं. जुलै २०२४ पासून ही मर्यादा काढली. आता कंपनी स्वतः दर ठरवते, पण तो जाहीर करावा लागतो.

दुसरी, पैसे लागणाऱ्या वाहिन्यांची किंमत, एकेकटी किंवा गठ्ठ्यात. वाहिनी गठ्ठ्यात घालायची तर तिची एकटीची किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त चालत नाही.

तिसरी, १८ टक्के जीएसटी.

हिशेब असा. समजा नेटवर्क शुल्क १३० रुपये आणि वाहिन्यांचे ७० रुपये. झाले २००. त्यावर ३६ रुपये कर. एकूण २३६ रुपये महिना, वर्षाचे २,८३२. यातल्या ७० रुपयांच्या वाहिन्या घरात खरंच कोण बघतं, हे एकदा बसून पाहिलं तर बिल कमी होऊ शकतं.

आता लढाई मोबाइलशी

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्यानंतर मॅच असो की मालिका, लोक मोबाइलवर बघू लागले. याचा फटका डीटीएचला बसला. पैसे भरणारे डीटीएच ग्राहक २०२१ मध्ये सात कोटींच्या जवळ होते, मार्च २०२४ अखेर ते ६.२ कोटींच्या आसपास आले.

ग्राहक कमी होत असले की कंपनी उरलेल्यांना जपते. म्हणून सध्या कंपन्या बॉक्स बदलून देणं, जुन्या ग्राहकाला सूट, एकाच बॉक्समध्ये टीव्ही आणि इंटरनेट असे प्रस्ताव देतात. कनेक्शन सोडायचं म्हणून फोन केला की अचानक स्वस्त पॅक निघतो, तो यामुळेच.

दरम्यान, भारतीय मानक ब्युरोनं उपग्रहाचा सिग्नल थेट घेणाऱ्या टीव्ही संचांसाठी मानक तयार केलं आहे. असा टीव्ही घेतला की मोफत वाहिन्यांसाठी वेगळा बॉक्स लागणार नाही, डिशची वायर थेट टीव्हीला जोडायची. नवा टीव्ही घेणाऱ्यांनी दुकानात याची विचारणा करायला हरकत नाही.

बॉक्स घेण्याआधी हे विचारा

– बॉक्स विकत की भाड्यानं? तोंडी नको, पावतीवर लिहून घ्या. भाड्याचा असेल तर परत करताना अनामत किती मिळणार, तेही लिहून घ्या.

– वॉरंटी किती, आणि त्या काळात माणूस घरी आला तर व्हिजिटचे पैसे लागतात का?

– पहिले काही महिने फुकट असतील तर त्यानंतर दरमहा किती? जाहिरातीतला आकडा कर धरून आहे की कर सोडून?

– घरावर जुनी डिश असेल तर ती चालेल का? चालत असेल तर नव्या डिशचे पैसे का द्यायचे?

– फ्री डिशचा बॉक्स घेताना त्यावर मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी नंबर आहे का ते बघा. हा नंबर बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तपासता येतो.

– वापरलेला बॉक्स स्वस्तात मिळत असेल तर आधीच्या मालकाच्या नावावरून तो आपल्या नावावर होणार का, हे कंपनीला फोन करून विचारा. मगच पैसे द्या.

– तक्रार केली की तिचा नंबर लिहून ठेवा. कंपनीच्या ग्राहक सेवेनं दाद दिली नाही तर नोडल अधिकाऱ्याकडे जा. तिथेही काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे अर्ज पाठवून वाट बघत बसू नका.

अंधेरी-घाटकोपरच्या ग्राहकाला निदान चार केबलवाले, चार डीटीएच आणि दोन-तीन इंटरनेटवाले दारात येऊन भेटतात. गावात बहुतेक वेळा तालुक्याचा एकच डीलर असतो. बॉक्स बदलण्याचा हक्क कागदावरून घरात येईपर्यंत गिऱ्हाइकाचा जोर एकदाच चालतो, पैसे हातात असतात तेव्हा. एकदा डिश छपरावर ठोकली की मग किल्ली कंपनीकडे जाते. म्हणून घासाघीस, चौकशी आणि लिखापढी, सगळं त्याआधी.